तापाने गेलेल्यांचा माग: व्हिक्टोरियाकालीन बेथनल ग्रीनच्या मृत्यूनोंदी कशा वाचायच्या

१४ डिसेंबर १८६१ रोजी विंडसरच्या राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स आल्बर्ट वारले. त्यांच्या मृत्यूनोंदीत कारणाच्या रकान्यात लिहिलंय: टायफॉइड ताप, मुदत २१ दिवस. आपल्या आज्या या आजाराला ‘मुदतीचा ताप’ म्हणायच्या. तिकडचे डॉक्टरही कारणासोबत मुदत लिहीत, आणि माग काढणाऱ्याला ती मुदत फार उपयोगी पडते. आल्बर्ट यांना खरोखर टायफॉइडच झाला होता का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. देशातले उत्तम डॉक्टर ज्यांच्या उशाशी बसले होते त्यांच्या नोंदीबद्दल जर खात्री नाही, तर त्याच काळात पूर्व लंडनच्या एका खोलीत वारलेल्या विणकराच्या नोंदीतला ‘टायफस’ हा शब्द किती ताणायचा, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून मनात ठेवा.

जुन्या शहरातल्या साथीच्या तापाचे मृत्यू शोधायचे, मोजायचे आणि समजून घ्यायचे आहेत, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरण पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनचं घेतलंय. पुण्या-मुंबईत घरी बसूनही यातलं पुष्कळ काम होतं, कारण बरीचशी छापील कागदपत्रं आता इंटरनेटवर आहेत.

आधी जागा आणि वर्षं ठरवा

नवखा माणूस ‘व्हिक्टोरियन लंडनमधले तापाचे मृत्यू’ असा विषय घेतो आणि महिन्याभरात दमतो. एक नोंदणी जिल्हा घ्या, दहा वर्षं घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्याआधी चर्चची दफनवही होती, पण तिच्यात मृत्यूचं कारण सहसा नसतं.

नोंदणी जिल्हे गरीब-कायद्याच्या संघांवरून, म्हणजे गरिबांना मदत देण्यासाठी केलेल्या गटांवरून, आखलेले होते. त्यामुळे एका जिल्ह्यात अनेकदा पाच-सहा पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून ठरलेले कारभाराचे भाग) येतात आणि जनगणनेचे आकडे जुळवताना घाम फुटतो. बेथनल ग्रीनचं तसं नाही. सेंट मॅथ्यू हा एकच पॅरिश आणि तोच नोंदणी जिल्हा. त्याचे हॅकनी रोड, ग्रीन, चर्च आणि टाउन असे चार उपजिल्हे होते. रेशीम विणणाऱ्यांची ही वस्ती. हातमागाचा धंदा बसत चालला होता आणि माणसं वाढत होती: १८४१ मध्ये ७४,०८८, १८५१ मध्ये ९०,१९३, १८६१ मध्ये १,०५,१०१. शिकण्यासाठी यापेक्षा सोयीचा जिल्हा लंडनमध्ये क्वचितच मिळेल.

दशक निवडताना एका टोकाला जनगणना येईल असं पाहा. १८५१ ची जनगणना ३० मार्चला, १८६१ ची ७ एप्रिलला आणि १८७१ ची २ एप्रिलला झाली. पुढे दर काढताना याच तारखा लागतात.

काय मिळतं, काय मिळत नाही

मूळ मृत्यूनोंदवह्या चाळायला खुल्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी खात्याची, सूची शोधता येते आणि एकेका नोंदीची प्रत पैसे भरून मागवता येते. सूचीत नाव, तिमाही, जिल्हा आणि वय मिळतं. कारण मिळत नाही आणि पत्ताही मिळत नाही. म्हणजे ‘बेथनल ग्रीनमधले टायफसचे सगळे मृत्यू’ अशी यादी कुणी हातात देणार नाही. शेकडो प्रती मागवणं खिशाला परवडणारं नाही, आणि सुरुवातीला त्याची गरजही नसते.

काम चालतं ते छापील आकड्यांवर. या खात्याचा प्रमुख असलेल्या रजिस्ट्रार जनरलचे वार्षिक अहवाल, लंडनपुरते १८४० पासूनचे साप्ताहिक तक्ते आणि दर दशकाची पुरवणी ही तीन साधनं मुख्य. दशकाच्या पुरवणीत प्रत्येक जिल्ह्याचे मृत्यू कारणानुसार आणि वयोगटानुसार मांडलेले असतात. विल्यम फार हा डॉक्टर १८३९ मध्ये या खात्यात आला आणि १८८० पर्यंत राहिला. आपण जे तक्ते वाचतो त्यांचा साचा त्याचा आहे. साप्ताहिक तक्त्यांच्या टिपांमध्ये कधीकधी उपनिबंधकाने कळवलेले एकेक मृत्यूही दिलेले असतात, गल्लीच्या नावासकट. अशी टीप दिसली की लगेच उतरवून घ्या.

चौथं साधन स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याचे अहवाल. १८५५ च्या महानगर कायद्याने लंडनच्या प्रत्येक व्हेस्ट्रीला, म्हणजे पॅरिशच्या कारभारी सभेला, वैद्यकीय आरोग्य अधिकारी नेमणं बंधनकारक झालं. १८५६ पासून हे लोक कामाला लागले. त्यांचे अहवाल वेलकम लायब्ररीने स्कॅन करून फुकट खुले केले आहेत. एखादा अधिकारी गल्लीगल्ली फिरून लिहिणारा असतो, एखादा चार पानांत उरकणारा. तुमच्या वर्षांतला अधिकारी यातला कोणत्या प्रकारचा आहे हे पाहूनच पुढचा बेत आखा. माझं मत विचाराल तर पहिला आठवडा फक्त हे अहवाल वाचण्यात घालवावा.

१८८९ च्या कायद्याने लंडनमध्ये स्कार्लेट फिव्हर (मुलांचा, अंगावर लाल पुरळ उठणारा ताप), घटसर्प, टायफस, टायफॉइड अशा आजारांचा प्रत्येक रुग्ण डॉक्टरने कळवणं सक्तीचं झालं. त्याआधी आपल्या हाती येतात ते फक्त मेलेले. आजारी पडून बरे झालेले किती, हे कळायला एखाद्या इस्पितळाचीच वही लागते. म्हणून १८८९ पूर्वीच्या मृत्यूंवरून ‘इतक्या लोकांना ताप आला’ असं विधान करू नका.

‘ताप’ या शब्दाचा त्या वर्षीचा अर्थ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

१८६९ पर्यंत रजिस्ट्रार जनरलच्या तक्त्यांत ‘टायफस’ हे एकच डबडं होतं आणि त्यात तीन-चार आजार कोंबलेले होते. खरा टायफस होता, टायफॉइड होता, पुनरावर्ती ताप (उतरून पुन्हा उलटणारा) होता, आणि नुसता ‘सततचा ताप’ही होता. १८६९ पासून टायफस, आंत्रज्वर (म्हणजे टायफॉइड) आणि साधा सततचा ताप असे तीन रकाने झाले. १८६० ते १८८० चा आलेख काढला तर १८६९ ला टायफसची रेघ धाडकन खाली येते. त्यातला काही भाग खरा आहे, कारण साठच्या दशकात लंडनमध्ये टायफसची मोठी साथ होती आणि ती तेव्हा ओसरत होती. पण बाकीची घट कारकुनाच्या टेबलावर झालेली आहे. एकाच आलेखात १८६९ ओलांडायचं असेल तर तिन्ही रकान्यांची बेरीज करा, आणि त्या वर्षी उभी रेघ मारून तिथे का मारली ते लिहा.

डॉक्टरांना हा फरक माहीत नव्हता असं नाही. विल्यम जेनरने लंडन फिव्हर हॉस्पिटलमधले रुग्ण आणि शवविच्छेदनं पाहून १८४९ पासून पुढच्या दोन वर्षांत दोन्ही ताप वेगळे असल्याचं दाखवलं. १८६२ मध्ये चार्ल्स मर्चिसन यांनी त्याच इस्पितळाच्या नोंदींवरून तापांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. पण गल्लीतल्या डॉक्टरची लेखणी आणि सरकारी रकाना यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचायला वीस वर्षं गेली.

मराठीत वाचणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. आपल्या जुन्या लिखाणात टायफस आणि टायफॉइड या दोघांनाही ‘विषमज्वर’ म्हटलेलं सापडतं. टिपणवहीत हा शब्द वापरूच नका. टायफॉइडला आंत्रज्वर आणि टायफसला प्रलापक ज्वर म्हणा, किंवा सरळ टायफस-टायफॉइड लिहा. टायफस पसरतो अंगावरच्या उवांमधून, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवलं. टायफॉइड पसरतो मैल्याने बिघडलेल्या पाण्यातून, दुधातून, अन्नातून. म्हणजे एकाचं मूळ गर्दीत, न धुतलेल्या कपड्यांत आणि थंडीत, तर दुसऱ्याचं विहिरीत आणि गटारात. दोघांची बेरीज करून गटाराला दोष दिला तर निम्मा निष्कर्ष चुकतो.

तक्त्यात एकच शब्द असेल, पण हाताशी वय, महिना आणि मुदत असेल, तर अंदाज बांधता येतो. टायफसमध्ये माणूस बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास दगावे. मुलं पुष्कळदा वाचत, चाळिशीपुढची माणसं जास्त जात. साथ हिवाळ्यात वाढे. टायफॉइड तीन-चार आठवडे रेंगाळे, तरुण पोरापोरींना जास्त धरे आणि शरद ऋतूत चढे. पुनरावर्ती तापात माणसं पुष्कळ आजारी पडत, पण मरत थोडी. ‘टायफस, १४ दिवस, वय ४६, जानेवारी’ आणि ‘टायफस, २५ दिवस, वय १९, ऑक्टोबर’ या दोन ओळी शेजारी ठेवा. शब्द एकच असला तरी पहिली नोंद खऱ्या टायफसची असण्याचा संभव जास्त आणि दुसरी टायफॉइडची. हा अंदाज आहे. वहीत वेगळ्या रकान्यात, पेन्सिलीने लिहा. मूळ शब्द जसा आहे तसाच पहिल्या रकान्यात राहू द्या, तो कधीही सुधारू नका.

शब्दांची आणखी काही वळणं डोळ्यांसमोर ठेवा. ‘टायफस अ‍ॅब्डॉमिनॅलिस’ लिहिलं असेल तर तो टायफॉइड. ‘टायफॉइड न्यूमोनिया’ म्हणजे मात्र टायफॉइड नव्हे. गुंगीत गेलेल्या रुग्णाच्या न्यूमोनियाला डॉक्टर ते विशेषण लावत. ‘गॅस्ट्रिक फिव्हर’ आणि मुलांचा ‘इन्फंटाइल रेमिटंट फिव्हर’ यांत टायफॉइड बराच लपलेला असतो. ‘लो फिव्हर’ने काहीच ठरत नाही. घटसर्पाला १८५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वेगळा रकाना नव्हता, तो स्कार्लेट फिव्हरमध्ये नाहीतर ‘क्रूप’मध्ये (लहान मुलांचा घसा सुजून श्वास कोंडण्याचा आजार) सापडतो. स्कार्लेट फिव्हरमधून उठलेलं मूल काही आठवड्यांनी मूत्रपिंडं बिघडून, अंगावर सूज येऊन जायचं, आणि कारणात ‘ड्रॉप्सी’ एवढंच उरायचं. तान्ह्या बाळांचे तापाचे मृत्यू ‘झटके’ आणि ‘दात येणे’ यांच्याखाली गडप झालेले असतात. घाईच्या हस्ताक्षरात क्षयाचा ‘थायसिस’ आणि ‘टायफस’ यांची गल्लत होते, तेव्हा मुदत पाहा: दोन वर्षं लिहिलं असेल तर तो ताप नव्हे.

कारण कुणी सांगितलं हेही महत्त्वाचं. सुरुवातीच्या वर्षांत घरातल्या माणसाने तोंडी सांगितलेलं कारणही वहीत जाई. १८४५ मध्ये रजिस्ट्रार जनरलने डॉक्टरांना कोऱ्या दाखल्यांची छापील पुस्तकं पाठवली, तेव्हापासून सुधारणा झाली. उपचार करणाऱ्या डॉक्टरने दाखला देणं सक्तीचं झालं ते १८७४ च्या कायद्याने, १८७५ पासून. नोंदीत कारणापुढे ‘सर्टिफाइड’ असा शब्द आहे का ते पाहा, आणि वहीत त्यासाठी एक हो-नाहीचा रकाना ठेवा.

इथे मुंबईची आठवण निघतेच. १८६८ ते १८७० मध्ये लंडनमध्ये पुनरावर्ती ताप परतला, आणि त्याच्या रुग्णांसाठी १८७० च्या सुरुवातीला हॅम्पस्टेडला तात्पुरतं इस्पितळ उभारावं लागलं. त्यानंतर काही वर्षांतच, १८७६-७८ च्या दुष्काळात, दख्खनमधून उपाशी माणसं मुंबईत आली आणि तिथेही तापाची साथ उठली. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८७७ मध्ये मुंबईच्या रुग्णांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली नागमोडी जंतू पाहिले आणि हा पुनरावर्ती तापच असल्याचं दाखवलं. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रं काढणारे कार्टर ते हेच. सरकारी तक्त्यांत मात्र हिंदुस्थानातले बहुतेक मृत्यू ‘फीव्हर्स’ या एकाच रकान्यात जात राहिले, कारण गावपातळीवर नोंद करणारा डॉक्टर नव्हता. लंडनच्या नोंदी वाचण्याचा सराव झाला की आपल्याकडचा तो रकानाही वेगळ्या नजरेने वाचता येतो.

मृत्यू घरी परत न्या

तक्ता सांगतो तो मृत्यू जिथे झाला तिथला. आपल्याला हवं असतं ते माणूस जिथे आजारी पडला तिथलं. ताप वाढला की गरीब माणसाला घरातून उचलून नेत, आणि तो दुसऱ्याच जिल्ह्यात मरे.

बेथनल ग्रीनच्या बाबतीत चार ठिकाणी शोधावं लागतं. लंडन हॉस्पिटल व्हाइटचॅपलमध्ये होतं. लंडन फिव्हर हॉस्पिटल आधी किंग्ज क्रॉसजवळ आणि १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून इस्लिंग्टनमध्ये होतं. पॅरिश पैसे भरून आपले गरीब रुग्ण तिथे पाठवत. १८६७ च्या कायद्याने महानगर असायलम मंडळ निघालं आणि त्याची साथरोगांची इस्पितळं उभी राहिली. पूर्व लंडनसाठी महत्त्वाचं होमर्टनचं इस्पितळ १८७१ मध्ये सुरू झालं, ते हॅकनी जिल्ह्यात. चौथं ठिकाण पॅरिशचं स्वतःचं वर्कहाउस, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून घेण्याची जागा. ते जिल्ह्यातच होतं, पण तिथे मेलेल्याच्या नोंदीत गल्लीच्या जागी ‘वर्कहाउस’ एवढंच असतं.

परिणाम असा की १८७१ नंतर बेथनल ग्रीनचे तापाचे मृत्यू कमी झालेले दिसतात आणि हॅकनीचे वाढलेले. सुरुवातीला मी स्वतः हा आलेख काढून जिल्ह्याची तब्येत सुधारल्याचं लिहिलं होतं. नंतर आरोग्य अधिकाऱ्याचा अहवाल उघडला तेव्हा कळलं की सुधारणेचा मोठा हिस्सा रुग्णवाहिकेतून शेजारच्या जिल्ह्यात गेला होता. तेव्हापासून मी कोणत्याही तक्त्याखालची बारीक अक्षरं आधी वाचतो: ‘बाहेरच्या संस्थांतले मृत्यू धरून’ की ‘वगळून’? चांगले आरोग्य अधिकारी आपल्या हद्दीतल्या लोकांचे बाहेरचे मृत्यू शोधून मिळवत आणि परक्यांचे वजा करत. ज्या वर्षी ते केलेलं नाही त्या वर्षाची तुलना केलेल्या वर्षाशी होत नाही.

उलटही घडतं. १८५५ पासून व्हिक्टोरिया पार्कजवळ छातीच्या आजारांचं इस्पितळ होतं. तिथे शहरभरचे क्षयरोगी येऊन मरत, आणि त्यांचे मृत्यू बेथनल ग्रीनच्या खात्यात पडत. तापाच्या हिशोबाला त्याने फार फरक पडत नाही, पण ‘एकूण मृत्यूंपैकी तापाचे किती’ असं प्रमाण काढलं की पडतो.

वर्कहाउसमधल्या माणसाचं घर शोधायचं तर दाखल झालेल्यांची वही लागते. बेथनल ग्रीनच्या गरीब-मंडळाची कागदपत्रं ‘द लंडन आर्काइव्ह्ज’ या अभिलेखागारात आहेत (२०२४ पर्यंत त्याचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज होतं). दफनवह्याही उपयोगी पडतात, कारण त्यांत राहण्याचं ठिकाण बहुधा लिहिलेलं असतं. सेंट मॅथ्यूचं आवार, १८४१ पासूनचं टॉवर हॅम्लेट्स दफनभूमी, १८४५ पासूनचं व्हिक्टोरिया पार्क दफनभूमी अशा जागा एकेक करून पाहाव्या लागतात.

तारखेचीही अशीच गफलत होते. सूचीतली तिमाही नोंदणीची असते, मृत्यूची नव्हे. २८ डिसेंबरला गेलेला माणूस पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकतो. साप्ताहिक तक्त्यांत तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात मृत्यू एकदम उसळतात, कारण कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चौकशीची प्रकरणं साठून एकदम नोंदवली जात. ती उसळी म्हणजे साथ नव्हे.

जिवंत माणसं मोजा

मृत्यूंचा आकडा एकटा काही सांगत नाही. ज्या लोकसंख्येतून ते झाले ती खाली लिहावी लागते. समजा १८५६ मध्ये एका रकान्यात १०० मृत्यू आहेत. १८५१ आणि १८६१ च्या जनगणनांची सरासरी सुमारे ९७,६०० येते, म्हणजे दर लाखामागे साधारण १०२. एका जिल्ह्यासाठी एवढं पुरतं. स्कार्लेट फिव्हरसाठी मात्र दहा वर्षांखालच्या मुलांची संख्याच खाली घ्या, कारण मरत होती ती मुलं.

एका प्रसिद्ध आकड्यापासून सावध राहा. मजुरांच्या आरोग्यस्थितीवरच्या १८४२ च्या अहवालात सुधारक एडविन चॅडविक यांनी बेथनल ग्रीनमधलं मृत्यूचं सरासरी वय दिलं होतं: सभ्य व प्रतिष्ठित लोक ४५ वर्षं, व्यापारी २६, कारागीर-मजूर १६. हा आकडा आजही सगळीकडे फिरतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की मजूर सोळाव्या वर्षी मरत होता. तसं नाही. मजुरांच्या घरात लहान मुलं पुष्कळ होती आणि मरणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी होती, म्हणून सरासरी खाली ओढली गेली. ज्या वस्तीत मुलंच जास्त, तिथे मरणाऱ्यांचं सरासरी वय कमीच येणार, हवा कितीही चांगली असली तरी. विमागणिती नीसन यांनी १८४४ मध्येच ही चूक दाखवून दिली होती. गरिबांची मुलं मरत होती हे खरंच आहे, आणि ते इतकं भयंकर आहे की त्यासाठी चुकीच्या आकड्याची मदत लागत नाही. वयोगटानुसार दर काढा.

गल्लीत उतरा

१८३८ मध्ये लंडनभर तापाची साथ असताना डॉ. साउथवुड स्मिथ बेथनल ग्रीन आणि व्हाइटचॅपलमध्ये फिरले आणि गरीब-कायदा आयुक्तांना अहवाल दिला. ते स्वतः फिव्हर हॉस्पिटलचे डॉक्टर. त्यांनी लँब्ज फील्ड्स नावाच्या मोकळ्या जागेचं मोजमाप लिहून ठेवलंय: सुमारे ७०० फूट लांब, ३०० फूट रुंद, त्यातल्या सुमारे ३०० फुटांवर उन्हाळा-हिवाळा साचलेलं पाणी, भोवती आठ-दहा फूट रुंदीचा उघडा घाण चर, आणि शेजारच्या घरांच्या संडासांची घाण त्यात. लगतच्या घरांतून ताप हटत नाही, असं ते लिहितात.

दहा वर्षांनी, १८४८ मध्ये, डॉ. हेक्टर गॅव्हिन यांनी सबंध बेथनल ग्रीन पायी पालथं घालून गल्लीवार पुस्तक लिहिलं. सोबत नकाशा दिला आणि जिथे साथीचे मृत्यू जास्त तिथे धुकं पसरल्यासारखी छाया काढली, तिला नाव दिलं ‘रोगाचं धुकं’. दुर्गंधीतून, दूषित हवेतून ताप येतो असं दोघेही मनापासून मानत होते.

अशी साधनं वाचताना पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहा: पाणी, चर, खोलीत किती माणसं, नळ आठवड्यातून किती वेळ. उजवीकडे त्यांनी लावलेलं कारण. डावी बाजू सोन्यासारखी आहे. उजवी बाजू त्या काळाची समजूत म्हणून ठेवा. त्या चराने टायफस होत नव्हता. पण पाणी आणि मैला जिथे एकत्र येत तिथे टायफॉइड होत होता, आणि एका खोलीत कोंबलेली माणसं टायफसला कशी बळी पडत ते त्यांच्याच वर्णनात दिसतं.

मग नकाशा घ्या. १८६० च्या दशकासाठी स्टॅनफर्डचा, १८७० च्या दशकासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा मोठ्या प्रमाणातला. गल्ल्यांची नावं बदललेली असतात. चर्च स्ट्रीट आज रेडचर्च स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. घरांचे क्रमांकही पुढे बदलले, म्हणून जुना क्रमांक आजच्या घरावर टाकू नका. ओल्ड निकल ही बदनाम वस्ती तर १८९० च्या दशकात पाडलीच गेली आणि तिच्या जागी बाउंडरी इस्टेट उभी राहिली.

नकाशावर ठिपके देताना गल्लीची लोकसंख्या जनगणनेच्या पानांवरून मोजा. लांब गल्लीत ठिपके जास्त पडणारच.

शेवटी काही नोंदी मागवा

एवढं झाल्यावर पाच-सहा प्रती मागवा. एकाच आडनावाचे, एकाच तिमाहीतले, लहान वयाचे मृत्यू सूचीत दिसले तर तिथून सुरुवात करा. एकाच घरातली भावंडं स्कार्लेट फिव्हरने आठवड्याभरात गेलेली अशी सापडतात. टायफसचं घर वेगळं दिसतं. तिथे कमावता बाप जातो, आणि पुढच्या तिमाहीत बायकापोरं वर्कहाउसच्या वहीत भेटतात.

प्रतीवर नऊ रकाने असतात. कधी व कुठे वारले, नाव, लिंग, वय, व्यवसाय, कारण, मग सातव्या रकान्यात खबर देणाऱ्याची सही, नातं आणि पत्ता. आठवा नोंदणीच्या तारखेचा, नववा निबंधकाच्या सहीचा. सगळे जण सहाव्या रकान्यावर थांबतात. सातवा नीट वाचा. तिथे ‘मृत्यूसमयी हजर’ असे शब्द असतात, आणि लिहिता न येणाऱ्या व्यक्तीच्या नावापुढे फुलीची खूण. पुष्कळदा ती आई असते, पुष्कळदा शेजारीण. खबर देणाऱ्याचा पत्ता त्याच घराचा असेल तर त्या तापाच्या घरात आणखी कोण राहत होतं ते कळतं, आणि वर्कहाउसमधल्या मृत्यूच्या बाबतीत नातेवाइकाने खबर दिली असेल तर हरवलेली गल्ली इथेच सापडते.

ते नाव आणि पत्ता वहीत वेगळा लिहा. मग पुढच्या जनगणनेची पानं उघडून ती बाई त्या गल्लीत अजून राहते का, आणि तिच्या घरी आता किती माणसं आहेत, ते पाहा.